पायांसकट

"ताईंचं काही अवघड नाही," अल्बमवर बोट आपटत स्टुडिओवाला म्हणाला, "कमरेखाली ढग सोडू."

"ढग?" मी विचारलं.

"ढग. मागं स्वित्झर्लंड, मधी नवरा-नवरी, खाली ढग. संगणकावर होतंय सगळं. पाय म्हणून कुणाला दिसणार नाही. आपण मॅनेज करू, तुम्ही काळजीच सोडा."

हेमा खुर्चीतून उठली. पर्स खांद्याला लावली. "चला मामा," म्हणाली आणि जिना उतरायला लागली. मी स्टुडिओवाल्याकडे पाहून जमेल तेवढं दिलगीर हसलो. एका आठवड्यातलं ते माझं तिसरं दिलगीर हसू होतं आणि आता ते गालाला दुखायला लागलं होतं.

ही वीस-एक वर्षांपूर्वीची सांगली. मोबाईल आले होते, पण लोक ते बोलायला वापरत. फोटो काढायला फोटोग्राफर लागे, आणि लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे नवरीला कधी गुलाबाच्या फुलात, कधी वाइनच्या पेल्यात, तर कधी नवरदेवाच्या तळहातावर बसवणारा माणूस. हेमा ही माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, एकुलती एक मुलगी. दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. कॅनमधल्या दुधात विहिरीचं पाणी आहे की ओढ्याचं, एवढंच ओळखायचं बाकी ठेवलं होतं तिनं. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला. ती चालायची ती एका अंगाला झुकत, पण भराभर. मी बरोबर असलो की मलाच धाप लागे.

तिच्या पायाविषयी घरात कधी बोलणं होत नसे. इतकं नसे, की अंगणात पोरं लंगडी खेळायला लागली तर अक्का बाहेर येऊन त्यांना खो-खो खेळायला लावी. चौघांत खो-खो कसा खेळायचा, असं एका पोरानं विचारलं, तर त्याला खाऊ देऊन घरी पाठवलं.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. आलेला प्रत्येकजण पोहे खाई, चहा पिई, आणि मिशीवरून रुमाल फिरवून म्हणे, "जरा चालून दाखव, बाळ." पायाचं आधी कळवलेलं असे. तरी चालून दाखव. हेमा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाले, आणि मंडळी असे गंभीर चेहरे करत, जणू ती वाटेत बरी होईल अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे तिनंच हे सगळं बंद पाडलं. आणि मग कराडच्या उदय मोहित्यांशी तिनं आपलं आपण जमवून टाकलं. ते दूध संघाला शीतकरणाची यंत्रं पुरवत. त्यांनी तिला चालताना रोजच पाहिलं होतं, त्यामुळे दाखवायचा प्रश्न आला नाही.

लग्न ठरलं, कार्यालय ठरलं, जेवणात मसालेभात की साधा, हेही बऱ्याच रक्तपातानंतर ठरलं. अडलं ते फोटोग्राफरवर.

"त्याच्यात काय वाईट होतं?" स्कूटरला किक मारता मारता मी विचारलं.

"काही नाही. चांगला होता."

"मग उठलीस का?"

"मामा, स्कूटर रिझर्व्हला आलीय. बोलण्यात घालवू नका."

त्या आधीच्याला तिनं नाकारलं होतं, कारण तो म्हणाला होता, ताईंना झोपाळ्यावर बसवू. आणि त्याच्या आधीच्याला, कारण तो अख्खं लग्न पालखीत उरकू म्हणाला होता. मला हे सगळे सज्जन वाटत होते. पोरीची अडचण ओळखून आपणहून मार्ग काढत होते. एरवी या गावात आपणहून कोण काय करतं?

मग दाजींनी, म्हणजे हेमाच्या वडिलांनी, पुण्याहून एकाला बोलावलं. तो दारात बूट न काढता आला, अक्काच्या चेहऱ्याकडे पाहून परत जाऊन काढून आला, आणि सोफ्यावर बसून म्हणाला, "मी पोज देत नाही, देऊ देत नाही. मी इमोशन्स शूट करतो. ब्राइडचे फक्त डोळे."

"फक्त डोळे?" दाजी म्हणाले.

"डोळे, मेंदी, नथ. मॅक्झिमम खांद्यापर्यंत. बाकी सगळं डिस्ट्रॅक्शन असतं, अंकल. आणि इथं तर..." तो हेमाच्या पायाकडे बघता बघता घड्याळाकडे बघू लागला. "ते आपण मॅनेज करू."

"मग मी कशाला येऊ?" हेमा म्हणाली. "डोळे पाठवून देते."

तो गेला. दाजींनी पंखा वाढवला. दाजींना राग आला की ते पंखा वाढवत. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उडून स्वयंपाकघरात गेलं.

"लग्न तुझं आहे की फोटोग्राफरचं?" ते म्हणाले. "आज विहीणबाईंचा फोन होता. त्यांच्याकडचा फोटोग्राफर येतोय. व्हिडिओवाला येतोय. तेवढं बास. आणि त्या एक चांगलं बोलल्या. म्हणाल्या, मुलीला आधीच स्टेजवर बसवून ठेवा. माणसं यायच्या आधी. उगाच तिला त्रास नको."

"मला त्रास नाही."

"हॉल किती लांब आहे बघितलास का?"

"बघितलाय. चालून बघितलाय. मी दारातून चालत येणार, बाबा. सगळ्या नवऱ्या येतात तशी."

"बरं, ये बाई चालत," मी मध्ये पडलो. आमच्यात नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. एवढा एकच मान आयुष्यात माझ्या वाट्याला आला होता आणि तो आधीच बसवून ठेवण्याच्या योजनेत बुडत होता. "मी आणतो तुला धरून. पण त्याचा फोटो कशाला? फोटो स्टेजवरचे काढू."

"त्याचाच पाहिजे. पायांसकट."

"का पण?"

"पाहिजे म्हणून."

अक्का आतून म्हणाली, "हिला दृष्ट लागलीय." दाजींनी पंखा आणखी वाढवायचा प्रयत्न केला, पण तो पाचाच्या पुढे जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेमा संघातून परस्पर माझ्या कॉलेजवर आली. माझा अर्थशास्त्राचा तास चालू होता, म्हणजे मी वर्गात होतो आणि अर्थशास्त्र फळ्यावर होतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "मामा, सापडला. विट्याला जायचंय."

संघाच्या अध्यक्षांच्या केबिनमध्ये एका कुस्तीचा मोठा फोटो होता, म्हणे. वर्षानुवर्षं तिथंच होता. दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले, आणि टाचेपासून शेंडीपर्यंत सगळं फोटोत. करंगळीसुद्धा कापलेली नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव, लवटे, विटा.

"कुस्तीचा फोटोग्राफर?" मी म्हणालो. "लग्नाला?"

"हो."

"हेमा, दाजी मला घरात घेणार नाहीत."

"तुमचं घर वेगळं आहे, मामा."

विट्याला एसटी स्टँडच्या मागे लवट्याचं दुकान होतं. आत पाऊल ठेवलं आणि चहूबाजूंनी लंगोट बांधलेले पैलवान अंगावर आले. चारी भिंती भरलेल्या. मध्ये खुर्चीत लवटे भेळ खात बसला होता. पन्नाशीचा, रुंद, मिशा पिकलेल्या. उठला नाही. बसा म्हणाला नाही. भेळेचा कागद पुढे केला नाही, याबद्दल मात्र मी मनात आभार मानले.

"लग्नं घेत न्हाई मी," तो म्हणाला.

"का?"

"लग्नात कोन जिकलं तेच कळत न्हाई."

"आम्हाला फक्त एकच..." मी सुरुवात केली.

"ओ सर, सांगलीत शंभर हायेत. गुलाबात बसवत्यात, चंद्रात बसवत्यात. तिकडं जावा. मला नुसतं माणूस काढता येतंय. सगळ्या मैदानाच्या फोटोग्राफरास्नी सांगून ठेवलंय मी, कुस्तीत पाय कापला की फोटो गेला. पट कुनी काढला, टांग कुनी लावली, पाठ टेकली का न्हाई, समदं खाली असतंय. तोंडात काय असतंय? जिकनाऱ्याचं आन हरनाऱ्याचं तोंड सारखंच असतंय. वाकडं."

"म्हणूनच आलोय," हेमा म्हणाली.

लवट्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. आम्ही आत आल्यापासून ती उभीच होती. त्यानं भेळेचा कागद चुरगाळला, हात पँटला पुसले आणि म्हणाला,

"चालून दाखवा."

माझ्या कानशिलात काहीतरी फुटलं. इतक्या वर्षांच्या पोह्यांचा हिशेब एकदम वर आला. "ओ लवटे!" मी ओरडलो, आणि मी ओरडू शकतो हे ऐकून मलाच धक्का बसला. "जिभेला हाड आहे का? कुणाशी बोलताय? आम्ही काय मुलगी दाखवायला आणलीय तुमच्याकडं?"

"मी काय पोरगी बघाय बसलोय का?" तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला. "फोटो चालताना पायजे ना? मग मला हुबं कुटं ऱ्हायचं ते कळाय नको? पैलवान बी मी आधी तालमीत बघून येतो. न बघता काय तुमच्या मामंजींचा फोटो काढू?"

"मामा," हेमा म्हणाली, "ही पर्स धरा."

ती दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालली. लवटे खुर्ची मागे सरकवून उकिडवा बसला होता आणि मान तिरकी करून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती, कौतुक नव्हतं. भेळेत शेव कमी आहे का, हे बघतानाही त्याचा चेहरा असाच असावा.

"परत," तो म्हणाला.

ती परत चालली.

"आता माज्याकडं या. सरळ. मी हाय म्हणून दबकू नका."

ती त्याच्यावर चालून गेली. तो उकिडवाच, बेडकासारखा मागे मागे सरकत राहिला आणि शेवटी एका महाराष्ट्र केसरीच्या फ्रेमवर जाऊन आदळला.

"हां," तो म्हणाला. "कळ्ळं."

"यात काही मॅनेज करणार का तुम्ही?" हेमानं विचारलं.

"म्हंजे काय करनार?"

"ठरलं," ती म्हणाली.

"माजं एक हाय," लवटे म्हणाला. "मधी कोन आलं तर मी ढकलनार. मग सासरा असू द्या न्हाईतर आमदार."

परत येताना एसटीत मी म्हणालो, "हा माणूस लग्नात कुणाची तरी पाठ टेकवणार आहे."

हेमा खिडकीतून बाहेर बघत होती. खूप दिवसांनी गाणं गुणगुणत होती. तिला गाता येत नसे.

लग्नाच्या दिवशी दाजींनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. पाहुणे यायच्या आधीच स्टेजवर लाल मखमली खुर्ची ठेवून तिच्याभोवती ते घुटमळत राहिले, गिऱ्हाईक येत नसलेल्या दुकानदारासारखे. हेमा खोलीतून बाहेरच आली नाही. मोहित्यांकडचा फोटोग्राफर स्टेजवर छत्र्या लावून सज्ज होता. लवटे कुठं दिसेना. तो मांडवाच्या मधल्या वाटेवर, पाहुण्यांच्या चपलांत बसून बिडी ओढत होता, हे मला नंतर कळलं.

मुहूर्ताची वेळ झाली. उदयराव पाटावर उभे राहिले, समोर अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी माइकवर फुंकर मारली. "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं!"

मी हेमाचं कोपर धरलं. सवयीनं धरलं. ती लहान असल्यापासून जिना आला, ओटा आला, गर्दी आली की माझा हात तिच्या कोपराकडे जाई. आम्ही दारात आलो. समोर भरलेला हॉल, दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि मध्ये लांब वाट. आणि त्या वाटेच्या मधोमध, जमिनीलगत कॅमेरा घेऊन बसलेला लवटे.

"ओ मामा!" तो मैदानातल्या आवाजात ओरडला. सनई थांबली. "ओ सर! पोरगी झाकताय तुम्ही! बाजूला व्हा!"

सहाशे माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"अहो, मी मामा आहे!" मी म्हणालो. "मी आणायचं असतं!"

"मग आना की! मागनं आना!"

हेमानं अलगद आपलं कोपर सोडवून घेतलं. "या तुम्ही मागून," म्हणाली, आणि निघाली.

ती एकटी चालत निघाली. पिवळा शालू, हिरवा चुडा, आणि प्रत्येक पावलाला ते झुकणं आणि वर येणं. तिच्या पुढं लवटे उकिडवा, मागं मागं सरकत, फ्लॅश मारत. वाटेत आलेल्या एका काकांना त्यानं न बघताच ढुंगणानं बाजूला सारलं. हॉलमध्ये कुणी बोलेना. सनईवाल्याला काय वाजवावं कळेना, म्हणून त्यानं काहीच वाजवलं नाही. तिच्या पैंजणांचा आवाज येत होता, एक हलका, एक जड.

गुरुजी अस्वस्थ झाले. "जरा लवकर, मुहूर्त टळतोय," ते माइकवर म्हणाले.

"हेमा, जरा पटपट," मी मागून कुजबुजलो.

ती न वळता म्हणाली, "मी हळू नाही चालत, मामा. मी अशीच चालते."

आणि मग ते झालं. त्या शांततेत काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्या लोकांना लग्नात हातात तांदूळ घेऊन गप्प बसायची सवय नाही. डाव्या बाजूच्या कुण्या म्हातारीला वाटलं असावं की मंगलाष्टक झालं. तिनं अक्षता टाकल्या. तिनं टाकल्या म्हणून शेजारणीनं टाकल्या. मग त्या रांगेनं, मग समोरच्या रांगेनं. बघता बघता अख्ख्या हॉलनं मूठ सोडली. हेमा चालतेय आणि दोन्ही बाजूंनी अक्षता पडतायत.

"अहो थांबा!" गुरुजी किंचाळले. "अजून एकही मंगलाष्टक झालं नाही! अहो, नवरी पोचू द्या! नवरदेव अजून पडद्याआड आहे!"

कुणी थांबलं नाही. बँडवाल्यांनी तर अक्षता पडल्या म्हटल्यावर ठरल्याप्रमाणे बँड चालू केला. बाहेर फटाके लागले. स्वयंपाक्यानं पहिली पंगत मांडली. अंतरपाटामागून उदयरावांचा आवाज आला, "लग्न लागलं का?"

खऱ्या मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता उरल्याच नव्हत्या. मसालेभाताच्या तांदळाला हळद लावून पुन्हा वाटाव्या लागल्या. विहीणबाई माझ्याशी जेवणं होईपर्यंत बोलल्या नाहीत आणि नंतर जे बोलल्या, त्यापेक्षा आधीचं बरं होतं.

काही दिवसांनी हेमा आणि जावईबापू माहेरी आले, त्याच दिवशी लवट्याचा अल्बम आला. सगळे गोळा होऊन बघायला बसले आणि पाचव्या पानापर्यंत घरात हाहाकार माजला.

त्यानं सगळ्यांनाच पायांसकट काढलं होतं. एकूण एक माणूस नखशिखांत, आणि त्यामुळे तोंडं मसुरीएवढी. दाजींचा फाटका मोजा आणि त्यातून डोकावणारा अंगठा दिसत होता, दाजी ओळखू येत नव्हते. आमच्या धाकट्या काकूंनी एका पायात स्वतःची आणि एका पायात दुसऱ्याची चप्पल घातली होती. मोहित्यांचे आमदार पाहुणे आशीर्वाद देताना अक्षरशः ढकलले गेलेल्या अवस्थेत होते.

"माझी पैठणी आलीय, पण मी कुठाय?" अक्का म्हणाली.

"हा तुझ्या मामाचा उद्योग," दाजी हेमाला म्हणाले, आणि पंख्याकडे गेले. "कुस्तीवाला आणला! कुस्तीवाला!"

मी अल्बम शेवटपर्यंत चाळून पाहिला. माझा त्या अख्ख्या अल्बममध्ये एकही फोटो नव्हता. एका ठिकाणी नुसतं धोतर होतं, पण ते कुणाचंही असू शकलं असतं.

हेमानं अल्बम ओढून घेतला आणि मधलं पान उघडलं. दोन्ही पानं मिळून एकच फोटो होता. लांब वाट, हवेत थांबलेल्या अक्षता, आणि मधोमध ती, मुंडावळ्यांपासून टाचेपर्यंत. उजवा पाय टेकलेला, डावा उचललेला.

ती बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली, की पंख्याचा आवाज मोठा वाटायला लागला.

"काय गं?" अक्का म्हणाली. "नाही आवडला का? सांगत होते मी..."

"माझा पायासकट फोटोच नव्हता, आई," हेमा म्हणाली. "एकही. शाळेत प्रत्येक वर्षी मला पहिल्या रांगेत, हेडबाईंच्या शेजारी खुर्चीत बसवायचे. मला वाटायचं, हुशार म्हणून. घरातले सगळे टेबलामागं, नाहीतर बसून. पंचमीचा झोपाळ्यावर. मी चालते कशी, ते सगळ्या सांगलीला माहितीय, मीच कधी बघितलं नव्हतं."

 दाजींनी पंखा एकावर आणला.

हेमानं फोटो डोळ्यांजवळ नेला. कपाळाला आठी पडली. मग ती उठली, खिडकीपर्यंत चालत गेली, मान वळवून आपल्याच खांद्याकडे बघत परत आली, आणि वैतागून म्हणाली,

"उजवा पाय टेकला की माझा डावा खांदा एवढा वर जातो? एवढा? आणि एकानं मला कधी सांगितलं नाही!"

बशीतला चहा फुंकत जावईबापू म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत असेल."